उंबरमाळी ते पॅरिस, व्हाया खर्डी

आमच्या साडूंच्या फ्रिजला दार आहे, पण ते दिसत नाही. त्यावर सात देश चिकटलेले आहेत. मध्ये आयफेल टॉवर, त्याला खेटून पिसाचा कलता मनोरा, खाली पवनचक्की आणि कोपऱ्यात गळ्यात घंटा बांधलेली स्विस गाय. 'आठ दिवसांत सात देश' अशी सहल करून साडू बदलापूरला परतले, तेव्हापासून त्यांच्या घरी कोणालाही माठातलं पाणी मिळत नाही. "थांबा, गार देतो," म्हणत ते फ्रिजपाशी जातात, दार उघडतात आणि बाटली सापडत नसल्यासारखे बराच वेळ उभे राहतात. डिसेंबरच्या कडाक्यात मला चार ग्लास गार पाणी पाजलं त्या माणसानं. चौथ्या ग्लासाला मी म्हणालो, "वा, आयफेल टॉवर!" तेव्हा कुठे सुटका झाली.

परत येताना बदलापूर ते कल्याण बायको एक शब्द बोलली नाही. कल्याणला गाडी बदलली, पण चेहरा तोच. आसनगाव गेलं, आटगाव गेलं. खर्डी मागे पडल्यावर ती म्हणाली, "आपल्या फ्रिजवर काय आहे हो?"

"गॅसवाल्याचा नंबर."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर काळोख होता, म्हणजे ती मलाच बघत होती.

दुसरा धक्का थोरलीनं दिला. ती सहावीत आहे. 'मी सुट्टीत काय केले' हा निबंध ती पहिलीपासून लिहीत आली आहे आणि दर वर्षी त्याचं पहिलं वाक्य 'मी मामाच्या गावाला गेले' हेच असतं. मामाचं गाव टोकावड्याजवळ, मुरबाड तालुक्यात. यंदा बाईंनी वहीत शेरा मारला, 'काहीतरी नवीन लिही.' थोरलीनं ती वही माझ्यासमोर अशी ठेवली, जशी सावकारानं बापासमोर खातेवही ठेवावी.

मी म्हणालो, "ठरलं. येत्या मे महिन्यात युरोप."

सात देश नकोत, एकच शहर नीट बघायचं, असंही मी जाहीर केलं. मी पंधरा वर्षं कसारा लोकलनं फोर्टातल्या कचेरीत जातो-येतो. आमचं उंबरमाळी हे कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. कसारा सीएसएमटीपासून सुमारे १२० किलोमीटर. आम्ही त्याच्या थोडे आत. आमच्याकडे गाडी चुकली की पुढची 'मागोमाग' येत नाही. त्यामुळे इथला माणूस आंघोळसुद्धा वेळापत्रक बघून करतो. अशा माणसाला पॅरिस, रोम काय जड आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा आठवलं.

शहर निवडण्यासाठी घरात मतदान घेतलं. बायकोचं म्हणणं, थंड असावं. थोरलीचं म्हणणं, निबंधाला दोन पानं पुरेल असं असावं. तिसरीतल्या धाकट्याची एकच अट होती: सरकता जिना. मी पॅरिसचं नाव काढल्याबरोबर तो ओरडला, "प्लॅस्टर ऑफ पॅरिस! गणपतीचं!"

ओट्यावरून आई म्हणाली, "गणपतीची माती तिथून येते व्हय? मग पुण्याचं गाव दिसतंय. जा."

मी ज्ञान दिलं, की पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडलं. ते कोणी ऐकलं नाही. पण आईचा आशीर्वाद मिळाला होता. पॅरिस चार विरुद्ध शून्य मतांनी निवडून आलं.

मग व्हिसा. तिथं जायला शेंगेन व्हिसा लागतो, असं मी जेवताना सांगितलं.

"शेंगा?" आई म्हणाली. "त्या मुरबाडच्या बाजारात मिळतात की रं."

शेंगेन हे लक्झेंबर्ग देशात मोझेल नदीकाठी असलेलं एक लहानसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी तिथं नदीतल्या एका बोटीवर बसून पाच देशांनी सह्या केल्या, की आपापसांत वेशी नकोत. आज २९ देशांचा व्हिसा त्या गावाच्या नावानं चालतो. हे वाचल्यापासून माझी मान ताठ झाली. उद्या भातसाच्या जलाशयात होडीत बसून आमच्या पाच सरपंचांनी सह्या केल्या, तर शहापूर-मुरबाडमध्ये शिरायला लोकांना 'उंबरमाळी व्हिसा' काढावा लागेल. अडचण एवढीच, की पाच सरपंच एका होडीत बसवायचे कसे. पुढे कोण बसणार यावरच होडी काठाला राहील.

या व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलाला ४५. आमचे चौघांचे २७० युरो. युरो शंभराच्या घरात. म्हणजे सत्तावीस हजार रुपये.

"एवढ्यात पॅरिसला पोचता?" आईनं विचारलं.

"नाही गं, हे फक्त 'येऊ का' असं विचारायचे."

"आणि नको म्हणाले तर?"

"पैसे परत मिळत नाहीत."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "मग आपल्याकडं येणाऱ्या पाव्हण्यांना आपण फुकटच चहा पाजत आलो म्हणायचं."

शिवाय माणशी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा विमा लागतो. म्हणजे तीस लाख. हा आकडा ऐकून बायकोनं माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच इतक्या आपुलकीनं पाहिलं.

"आजारपणाचा आहे," मी घाईनं म्हणालो. "दवाखान्याचा खर्च. दुसरं काही झालं तर हे तीस लाख तुला मिळत नाहीत."

"हो का," म्हणून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

बँकेचा उतारा द्यायचा होता. महिनाअखेरीला माझं खातं म्हणजे मे महिन्यातली विहीर असते. बादली सोडली की पाण्याआधी तळाचा आवाज येतो. तो उतारा बघून परदेशी अधिकारी फी घेण्याऐवजी मदत पाठवतील, अशी मला भीती वाटली.

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला घरी आले. सभ्य गृहस्थ होते. चहा घेतला, दोन प्रश्न विचारले, सही घेतली. पण 'त्याच्या घरी पोलीस आले' ही बातमी त्यांच्या मोटारसायकलच्याही आधी गावभर फिरली होती. अर्ध्या तासात अंगणात पंधरा माणसं. एक चुलतभाऊ जामीन राहायला तयार होता. दुसरा म्हणाला, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

फोटो काढायला खर्डीला गेलो. व्हिसाचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पाठीमागे फिकट पडदा, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही. माझा पहिल्या झटक्यात निघाला. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, तुमचा चेहरा यासाठीच घडलाय." धाकट्याला 'हसू नकोस' म्हटलं, की हसू फुटायचं. सोळा फोटो झाले. सतराव्या वेळी त्याला मी रागावलो, तर तो रडला. अठराव्याला बायको मला रागावली, तेव्हा तो गंभीर झाला. तो फोटो चालला.

राहता राहिलं गावाचं नाव. इंग्रजीत उंबरमाळी लिहायच्या इतक्या तऱ्हा आहेत, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरातल्या पाच कागदांवर ती चार प्रकारे लिहिलेली निघाली. कागदोपत्री बघितलं तर मी एका गावात जन्मलो, दुसऱ्या गावात राहतो, तिसऱ्या गावात वीज जाळतो आणि बायको चौथ्या गावात नांदते.

एवढं होईपर्यंत मी पॅरिसचं वेळापत्रक तयार केलं होतं. ते वहीच्या अकरा पानांवर होतं आणि लोकलच्या वेळापत्रकासारखं मिनिटांवर आखलेलं होतं. '८.०४ न्याहारी. ८.१९ मुलांचे बूट. ८.२३ धाकट्याचा दुसरा बूट.' लूव्र संग्रहालयाला मी मंगळवारी ९ ते ९.४५ दिले होते.

थोरलीनं वही तपासायला घेतली. गणितात ती माझ्यावर गेलेली नाही.

"बाबा, लूव्र मंगळवारी बंद असतं."

मी मंगळवार खोडला.

"आणि तिथं सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीला दहा सेकंद दिले, तरी सत्त्याण्णव तास होतात. चार दिवस, चार रात्री, आणि वर एक तास."

"तो वरचा एक तास जेवणाचा," धाकटा म्हणाला.

"सगळं बघायचं नसतं," मी म्हणालो. "मोनालिसा बघायची आणि निघायचं."

मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, हे मीच त्यांना सांगितलं आणि पस्तावलो. बायकोनं भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. "आपल्या टीव्हीहून लहान? आणि हलत पण नाही?"

आयफेल टॉवरसाठी मी काटकसरीचा मार्ग शोधला होता. लिफ्टपेक्षा जिन्याचं तिकीट स्वस्त. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. "माहुलीचा किल्ला चढणाऱ्या पोरांना ६७४ पायऱ्या म्हणजे काय!" मी म्हणालो.

"चढू की," थोरली म्हणाली. "पण वर जाऊन करायचं काय?"

"खाली बघायचं."

"खाली काय आहे?"

"पॅरिस."

"मग आपण खालीच थांबू ना. आधीच पॅरिसमध्ये असू."

या प्रश्नाचं उत्तर मी दोन दिवस शोधत होतो. जगातल्या सगळ्या उंच इमारती या एका प्रश्नावर कोसळतील, म्हणून मी तो पुढे नेला नाही.

धाकट्याला मात्र पॅरिसमधली एकच गोष्ट पटली. जूनमध्ये तिथं रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्या घरात नियम आहे: दिवेलागणीला खेळ बंद, पाय धुऊन घरात. "म्हणजे तिकडे दहापर्यंत खेळायचं?" त्यानं तीनतीनदा विचारून घेतलं. त्या दिवसापासून साडेसहाला हाक मारली, की अंगणातून उत्तर येतं, "मी पॅरिसच्या टायमावर आहे!"

आमच्या डब्यात ही बातमी पसरल्यावर एक सल्लागार मंडळ आपोआप स्थापन झालं. कसारा लोकलमध्ये भजन चालतं, पत्ते चालतात, भाजी निवडणं चालतं. पण फुकट सल्ल्याइतकं नियमित काहीच चालत नाही. युरोपला गेलेला माणूस डब्यात एकही नव्हता, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"पाकीटमार फार. पाकीट पुढच्या खिशात ठेव."

"पुढच्या खिशातलंच मारतात. पायमोज्यात ठेव."

"मोजे ओले होतात. त्यापेक्षा पाकिटात पैसेच ठेवू नको."

हा शेवटचा सल्ला माझी परिस्थिती जाणून दिलेला होता.

"मुतारीला पैसे लागतात बरं का. लहान पोरं न्यायची, तर त्यांना पाणीच पाजू नको."

टाळ वाजवता वाजवता एक बुवा थांबले. "भाषा येते का तिथली?" नाही म्हणालो. "मग बरं," ते म्हणाले. "बायकोला दुकानदार काय म्हणाला, ते आपण सांगायचं." पंचावन्न वर्षांच्या संसाराचं सार या माणसानं टाळाच्या एका ठोक्यात सांगितलं होतं.

खाण्याचं खातं आईकडे होतं. तिनं यादी केली: तांदळाचं पीठ, मेतकूट, लोणचं, साजूक तूप, पेढे आणि सुकट. युरोपात बाहेरून दूध, तूप, मटण आणता येत नाही, हे मी वाचलं होतं. तिच्यापुढे नियम ठेवला. तूप बाद, पेढे बाद. आईचा चेहरा पडला.

"आणि सुकट?"

मी पुढे वाचलं आणि माझा आवाज खाली गेला. मासळी चालते. माणशी वीस किलोपर्यंत.

"बघ!" आई उठून उभी राहिली. "शहाणी माणसं आहेत. चौघांची ऐंशी किलो होते." मग जरा विचार करून म्हणाली, "तिथं टँकर किती वाजता येतो रं?"

"पॅरिसमध्ये टँकर येत नाही, आई. नळ असतो. चोवीस तास."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. आयफेल टॉवरचं तिला काही वाटलं नव्हतं. ही थाप मात्र तिला जास्तच मोठी वाटली.

आता तारीख ठरवायची. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मे महिना उघडला. पानावर कोरी जागा नव्हती. आमच्या गावात मे महिना हा महिना नसून मांडव असतो. २ तारखेला हळद, ३ ला लग्न, ६ ला साखरपुडा, ९ ला चुलत्यांकडे हळद. आमच्याकडे एक वेळ लग्न चुकलं तर चालतं. हळद चुकली तर पुढल्या पिढीपर्यंत बोल लागतो. 'आमच्या पोराच्या हळदीला तुम्ही पॅरिसला होतात' हे वाक्य माझ्या तेराव्यालासुद्धा कोणीतरी काढेल.

लग्नं संपतात तोवर भाताचे राब भाजून झालेले असले पाहिजेत, कौलं चाळून झाली पाहिजेत. जून उजाडला, की पेरणी. जूनच्या मध्यावर शाळा. दोन्हींच्या मधे चार दिवस सापडले. मी रात्री जागून व्हिसाच्या भेटीची तारीख शोधली. मिळाली ती १८ जून.

"चांगली आहे तारीख," बायको म्हणाली. "मुलं शाळेत असतील, आई शेतावर असेल. तुम्ही एकटेच जाऊन विचारून या, येऊ का म्हणून."

मी खचलेला बघून तिलाच दया आली. "हे बघा, आधी रंगीत तालीम करू. एक दिवस मुंबईला जाऊ, पर्यटक असल्यासारखे. मुलं टिकतात का बघू. मुख्य म्हणजे तुम्ही टिकता का बघू."

एका हळदीच्या आणि एका लग्नाच्या मधला दिवस आम्ही धरला. मी नवीन वेळापत्रक आखलं, चौघांचे पासपोर्ट पोटाशी बांधले आणि पहाटे सगळ्यांना उठवलं. पहिली लोकल आमच्या डोळ्यांदेखत गेली. धाकट्याची एक चप्पल सापडत नव्हती. ती कुत्र्यानं नेली होती. '८.२३ दुसरा बूट' ही नोंद मी पॅरिससाठी केली होती. उंबरमाळीत ती लागू करायचं सुचलं नाही.

पुढच्या गाडीत करवंदं विकणाऱ्या बाई चढल्या. पानांच्या द्रोणातली करवंदं मुलांनी कल्याणपर्यंत खाल्ली आणि ठाण्यानंतर दोघांनाही, प्रथम एकाला व मग दुसरीला, जे व्हायचं ते झालं. दोघं सावरेपर्यंत आम्ही दादरला उतरून तासभर थांबलो. माझ्या वहीत दादर नव्हतं.

शेवटी सीएसएमटी. सवयीनं मी मान खाली घालून कचेरीच्या दिशेनं सुटलो. मागून धाकट्यानं शर्ट धरला. "बाबा, वर बघा, तो जबडा वासून बसलाय!"

मी वर पाहिलं. दगडातून अर्धा बाहेर आलेला एक विचित्र प्राणी माझ्याकडेच बघत होता. त्याच्या पलीकडे माकडं, मोर, पानं, फुलं, चेहरे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ही इमारत बांधत होते. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, कोरीव काम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचं. २००४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण कुठल्याशा परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. पंधरा वर्षं रोज दोन वेळा तिच्या पोटातून गेलो, पण मान वर केली होती ती फक्त इंडिकेटर बघायला.

तिथंच एक परदेशी कुटुंब उभं होतं. आई, बाप, दोन मुलं. बापाच्या हातात कागदांची जाडजूड फाइल, कपाळावर घाम. त्यांचा धाकटा फरशीवर बसून 'नाही' म्हणत होता. भाषा कळली नाही, पण शब्द न् शब्द समजला. त्या गृहस्थानं माझ्या वहीकडे पाहिलं, मी त्याच्या फाइलकडे. आम्ही एकमेकांना मान लववली. दोन हरलेले सेनापती भेटावेत तशी ती भेट झाली.

संग्रहालयात आम्ही लूव्रचा सराव केला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं तिथं आहेत, म्हणून मी सगळ्यांना थेट वर नेलं. थोरली घड्याळ लावून 'दहा सेकंद, पुढे!' असं ओरडत होती. अकराव्या चित्राला रखवालदारानं आम्हाला हटकलं. धाकटा खाली भुसा भरलेल्या प्राण्यांपाशी सापडला. तो दुसऱ्या एका मुलाला सांगत होता, "यातले अर्धे मामाच्या रानात असतात. हलतात पण."

मग राजाबाई टॉवर. ६७४ पायऱ्यांचा सराव इथं करायचा बेत होता, पण वर जाता येत नाही. धाकटा आनंदानं फूटपाथवर बसला. मी म्हणालो, "याचा आराखडा काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. लंडनमध्ये बसून त्यानं हे सगळं आखलं."

"तुमच्यासारखाच की," बायको म्हणाली. "फक्त त्याचं पुढं काहीतरी झालं."

जेवायला हॉटेलात शिरलो. वेटरनं विचारलं, "पाणी साधं की बाटली?" मी पर्यटक होतो. "बाटली," म्हणालो.

"बाटली कशाला?" थोरली म्हणाली. "साधं मागवा. मुंबईला तानसा, भातसा, मोडकसागरचं पाणी येतं. भूगोलात आहे. सगळं आपल्या तालुक्यातलं."

धाकट्यानं हे मनावर घेतलं. तो वेटरला म्हणाला, "काका, हे आमचं पाणी आहे. आजी टँकरला थांबते आणि तुम्ही पिता."

वेटर बहुधा अनेक वर्षं नोकरीत होता. त्यानं चार ग्लास साधं पाणी ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मग आता बिल मी देऊ का?"

संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली, हा दिवसातला एकमेव चमत्कार. धाकटा माझ्या मांडीवर, थोरली आईच्या खांद्यावर. मी म्हटलं, पाच मिनिटं डोळे मिटू. उघडले तेव्हा डबा रिकामा होता आणि बाहेर पाटी होती, कसारा. पंधरा वर्षांत माझं स्टेशन एकदाही चुकलं नव्हतं. परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावर बसलो. घाटाकडून गार वारा येत होता. मुलं खडबडून जागी झाली आणि जवळजवळ तासभर, एकही पैसा न देता, रात्री दहापर्यंत तिथं पकडापकडी खेळली.

घरी आल्यावर आईनं धाकट्याला विचारलं, "काय काय पाह्यलंस रं?"

"कसारा!" तो म्हणाला. "आजी, सगळ्यात भारी कसारा."

पंधरा दिवसांनी साडू आंबे न्यायला आले. थोरलीनं मोबाइलवर काढलेला त्या दगडी प्राण्याचा फोटो आम्ही मोठा करून फ्रिजवर लावला होता. साडू पाणी प्यायला गेले आणि दारापाशी थबकले.

"अरे वा! प्राग ना हे? काय ते कोरीव काम! आपल्याकडे असं कोणाला जमत नाही हो. आम्ही बघितलंय हे. बसमधून."

बायको माझ्याकडे बघत होती. साडूंची कचेरीही फोर्टात आहे. गेली बावीस वर्षं ते रोज त्याच प्राण्याखालून जातात. मी म्हणालो, "हो, जवळपास तसंच," आणि त्यांना आणखी एक ग्लास गार पाणी दिलं.

थोरलीच्या निबंधाला दहापैकी नऊ मिळाले. पहिलं वाक्य होतं, 'या सुट्टीत आम्ही पॅरिसला जाणार होतो, म्हणून कसाऱ्याला गेलो.'

अकरा पानी वेळापत्रक कपाटावर आहे. मंगळवार खोडलेला आहे. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षं चालतात. त्यातलं एक वर्ष ठरवण्यात गेलं, अजून चार उरली आहेत. पुढल्या मे महिन्यातल्या हळदीचं पहिलं आमंत्रण काल आलं.